टेम्पो आल्यावर शो

आमच्या टॉकीजमध्ये पिक्चर कधीच वेळेवर सुरू झाला नाही, आणि तात्यांना त्याचा अभिमान होता. तात्या म्हणजे माझे वडील. बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणाऱ्या एका बाजाराच्या गावात त्यांची पत्र्याच्या छपराची टॉकीज आहे. तिच्या दाराशी लोखंडी खुर्ची टाकून ते रस्त्याकडे बघत बसतात. पोस्टरवर तीनचा खेळ लिहिलेला असायचा. तीन वाजून जायचे, आतले लोक शिट्ट्या मारायचे, आणि तात्या बाहेर निवांत म्हणायचे, "कळंबची यष्टी यायचीय अजून." यष्टी यायची, तिच्यातून दोन म्हाताऱ्या आणि एक कोंबडी उतरायची. तिघींपैकी कुणालाच पिक्चर बघायचा नसायचा. मग तात्या आत हात करायचे आणि खेळ सुरू व्हायचा.

मी या बाबतीत आईवर गेले आहे. उशीर म्हटलं की माझं डोकं फिरतं. बारामतीत माझी शिकवणी आहे आणि तिथं दार लागल्यावर आलेल्या मुलाला मी बाहेर पायरीवर बसवते. पालक कुरकुर करतात. करू देत.

तात्यांच्या सवयीला कारण होतं. आमची मूळची मेंढरं. आजोबांनी निम्मा कळप विकून एक जुनं मशीन आणि तंबू घेतला. ज्या वाटेनं ते मेंढरं घेऊन फिरायचे त्याच वाटेनं पिक्चर घेऊन फिरायला लागले. वाटेवरची गावं ओळखीची, पाणवठे ओळखीचे, कुठल्या गावची जत्रा कधी ते तोंडपाठ. "मागचं जनावर आल्याबिगर कळप हलवायचा न्हाय," असं आजोबा मेंढरांबद्दल म्हणायचे. तात्यांनी ते तसंच उचलून प्रेक्षकांना लावलं. आपल्याला मेंढरं म्हटलं याचं गावात कुणाला वाईट वाटलं नाही, कारण बऱ्याच जणांच्या घरी ती होतीच.

माझ्या मुलानं मागं एकदा तात्यांना मोबाइलवर परदेशातली टॉकीज दाखवली. मोकळं मैदान, समोर भलामोठा पडदा आणि लोक आपापल्या मोटारीत बसून पिक्चर बघतायत. मुलाला वाटलं, आजोबा थक्क होतील. तात्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "मग ह्यात नवीन काय हाय? आमच्या तंबूच्या मागं बैलगाड्या सोडलेल्या असायच्या की. ज्याला आत यायचं नसंल त्यो गाडीत बसून पडद्याच्या मागनं बघायचा. हिरो डावखुरा दिसायचा, तेवढंच."

तंबूतून मिळालेल्या पैशांवर तात्यांनी ही टॉकीज बांधली. मी त्या आवारात वाढले. बाराखडी शाळेत शिकले, पण वाचायला शिकले ते पोस्टरवर. शाळेत माझा मान होता, कारण मध्यंतरानंतर काय होतं ते मला आधी माहीत असायचं आणि ते मी फुकट सांगत नसे.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. घरोघरी टीव्ही आले, मग खिशाखिशात मोबाइल आले. बारामतीत गार हवेची, मऊ खुर्च्यांची थिएटरं झाली. माझी मुलं तिथंच जातात. मीही जाते, खोटं कशाला बोलू. आसपासच्या टॉकीजची एक-एक करत गोडाऊनं झाली, मंगल कार्यालयं झाली. तात्यांनी हट्टानं नवं डिजिटल मशीन बसवलं, पण लोक मशीन बघायला येत नाहीत. मग रिकाम्या खुर्च्या भरायला त्यांनी असले काही पिक्चर लावले की दिवसाउजेडी पोस्टरकडे बघायची चोरी. त्या पिक्चरांनी चार टवाळ पोरं आली आणि सगळ्या बायका गेल्या. बाई गेली की तिच्यामागं घर जातं. हे मी तात्यांना तेव्हाच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही, आणि मी ते ऐकवायची एकही संधी सोडलेली नाही.

गेल्या दिवाळीनंतर मला कळलं की तात्या टॉकीज विकतायत. अंथुर्ण्याचे एक पशुखाद्याचे व्यापारी आहेत, त्यांना गोडाऊनसाठी जागा हवी होती. माणूस सरळ, व्यवहार सरळ, तक्रारीला कुठं जागा नाही. मी स्कूटर काढली आणि तडक गावी गेले. तात्या खुर्चीत बसले होते. आतला खेळ माणसं नाहीत म्हणून बंद ठेवला होता, आणि ते तरीही रस्त्याकडे बघत होते.

आई गेल्यापासून तात्या सकाळी उठतात, दाढी करतात, धुतलेला सदरा घालतात, ते या खुर्चीत येऊन बसायचं म्हणून. पशुखाद्याच्या पोत्यांची कुणी वाट बघत बसत नाही. टॉकीज गेली की हा माणूस घरात बसणार, आणि घरात बसला की संपणार, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

"इकायचं आसंल तर इका," मी म्हणाले. "पण जत्रेपतुर थांबा. मला चालवून बघू द्या."

"तू? शिकवणीची पोरं आणून बसवतीस का काय?"

"ते माझं मी बघीन."

तात्यांनी मान वळवून टॉकीजकडे बघितलं. मग म्हणाले, "जत्रेपतुर. खुर्च्या भरल्या तर ठिवू. न्हाय तर पाव्हण्यांना शब्द दिलाय मी."

आमची जत्रा चैत्रात असते. मी मंगळवार आणि रविवार शिकवणी बंद ठेवली आणि कामाला लागले. पहिलं काम केलं ते बायकांच्या संडासाचं. तिथं जुनी पोस्टरं, फुटक्या खुर्च्या आणि एक मधमाश्यांचं पोळं होतं. ते सगळं काढून फरशा घातल्या, नळ बसवला, आतून लागणारी कडी बसवली, वर दिवा लावला. तात्या बघत होते. म्हणाले, "लोकं पिक्चर बघाय येत्यात का ह्ये बघाय?"

"तात्या, तुमाला कधी तीन तास दम धरून बसावं लागलं न्हाय म्हणून बोलताय."

दुसरं काम, ती पोस्टरं बंद केली आणि घरच्यांबरोबर बघता येतील असे पिक्चर मागवले. तिसरं काम माझ्या जिव्हाळ्याचं होतं. मी तिकीटखिडकीवर घड्याळ लावलं आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं: खेळ वेळेवर सुरू होईल. आमचे ऑपरेटर तंबूच्या काळापासूनचे. त्यांनी ती पाटी वाचली, तात्यांकडे बघितलं आणि मशीनच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

संक्रांत झाली तरी खुर्च्या काही भरेनात. तुरळक माणसं यायची. पण खेळ वेळेवर सुरू व्हायचा, आणि रिकाम्या टॉकीजमध्ये वेळेवर सुरू होणाऱ्या पिक्चरचं समाधान एकट्या मला व्हायचं.

मग तो मंगळवार आला. मंगळवारी आमच्याकडे बाजार. दुपारचा खेळ मी तीनच्या ठोक्याला सुरू केला. आत बाजाराला आलेली थोडी माणसं होती. पिक्चर सुरू होऊन जरा वेळ झाला असेल, तोच कळंबच्या रस्त्यानं एक टेम्पो धुरळा उडवत आला आणि दारात थांबला. मागं उभ्या राहिलेल्या बायका धडाधड खाली उतरल्या. द्राक्षबागांत काढणी चालू होती आणि ही काढणीला जाणारी टोळी होती. साडीवर नवऱ्यांचे फुल बाह्यांचे शर्ट, डोक्याला गच्च बांधलेले रुमाल, बोटांना चीक. पुढं त्यांची मुकादमीण, उंचीपुरी बाई, चालताना वाटेतल्या माणसानं आपोआप बाजूला व्हावं अशी.

"बायकांची सोय झालीया म्हणं हितं," ती म्हणाली. "बागवाल्याला सांगून लवकर सुटलो आज. द्या तिकिटं."

माझा आनंद गगनात मावेना. मी भराभर तिकिटं फाडायला लागले. तेवढ्यात आतून गाण्याचा आवाज आला. मुकादमीण थबकली.

"चालू झाला व्हय?"

"आत्ताच झालाय," मी म्हणाले. "फार न्हाय गेला."

"मग आमी न्हाय."

"अहो, सुरुवातीला काही नसतं. नुसती नावं, एक गाणं, गाव दाखवलंय..."

"काय नसतं तर त्यांनी काढलं कशाला?"

बाकीच्या बायकाही मान हलवायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली की लग्न होऊन आल्यापासून तिनं टॉकीजचं दार बघितलेलं नाही. आता इतक्या वर्षांनी बघायचं तर मुळापासून बघायचं, निम्मंअर्धं नको. मी म्हणाले, संध्याकाळचा खेळ बघा. मुकादमीण म्हणाली, "आन सैपाक कोण करनार, तुमी?" मी पाटीकडे बोट दाखवलं. तिनं पाटी सावकाश वाचली आणि म्हणाली, "ताई, वेलीवरनं माल काढाय लागलं की मधीच टाकून येता येत न्हाय. तुमचं घड्याळ बागंत चालत न्हाय."

सगळ्या जणी दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसल्या. गेल्या असत्या तरी चाललं असतं, पण त्या बसल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तात्या खुर्चीत होते. तोंडावर असं समाधान होतं, जणू लेकीच्या सासरची माणसं दारात उतरली आहेत. त्यांना मदत करायची नव्हती. मी काय करते ते बघायचं होतं.

मी आत गेले आणि ऑपरेटरना पिक्चर थांबवायला सांगितलं. दिवे लागले. लोक ओरडायला लागले, काय झालं, लाइट गेली का, दिवे तर चालू आहेत. मी पडद्यासमोर उभी राहिले. वर्गात उभं राहायची सवय आहे. मी म्हणाले, बाहेर टेम्पोभर बायका आल्या आहेत, त्यांना सुरुवातीपासून पिक्चर बघायचा आहे, तुमची हरकत नसेल तर आपण परत पहिल्यापासून लावू.

मला वाटलं होतं, खुर्च्या फेकतील. पण मागून एक जण म्हणाला, "लावा की. सुरुवात मलाबी घावली न्हाय. च्या पीत हुतो."

"मी बी कांदं इकून आत्ताच आलो," दुसरा म्हणाला.

मग एकेक जण कबूल व्हायला लागला. कुणी बैल बांधत होता, कुणी दाढी करून येत होता. वेळेवर सुरू झालेल्या त्या पिक्चरची सुरुवात कुणीही बघितलेली नव्हती. माझं घड्याळ रोज कुणासाठी चालत होतं, देव जाणे. हरकत एकाच माणसाची निघाली. तो पार बारामतीपलीकडच्या सांगवीचा होता, आणि पिक्चर लांबला तर त्याची शेवटची यष्टी चुकणार होती. मुकादमीण दारात येऊन उभी होती. म्हणाली, "आमी सोडू की टेम्पोतनं."

"सांगवीला? तुमी चाललाय कळंबला. टेम्पो हाय का इमान?"

सगळं थिएटर हसलं. शेवटी बारामतीच्या पुढं जाणाऱ्या एकानं त्याला मोटारसायकलवर वाटेत सोडायचं कबूल केलं. ऑपरेटर वरच्या झरोक्यातून डोकावले. "पिक्चर धाडणाऱ्या कंपनीला काय सांगायचं? मशीन समदं टिपून ठेवतंय."

तात्यांनी खुर्चीतूनच आवाज दिला, "लाइट गेली हुती म्हणा. रोज जाती, आज न्हाय गेली तर त्यात आपली काय चूक?"

बायकांनी देवळात जाताना काढाव्यात तशा दारात चपला काढल्या आणि खुर्च्यांवर मांडी घालून बसल्या. पिक्चर पहिल्यापासून सुरू झाला. नावं सुरू झाली तर त्यांनी नावंही वाचली, ज्यांना वाचता येत होतं त्यांनी बाकीच्यांना सांगितली. विनोदाला त्या इतक्या मोठ्यांदा हसत होत्या की पुढचा विनोद ऐकू येत नव्हता. सासूच्या भूमिकेतल्या बाईला त्यांनी तोंडावर शिव्या दिल्या. मी दाराला टेकून उभी होते. पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. गार हवेच्या थिएटरात मी कुणाला असं बघताना बघितलेलं नाही. तिथं आपण सगळे बिल देऊन शहाण्यासारखे बसतो.

पुढच्या मंगळवारी दोन टेम्पो आले. ऐन काढणीत सगळ्या बागांतल्या टोळ्या एकमेकींना ओळखतात. बातमी एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर जावी तशी गेली. मुकादमीण बागेतून निघताना फोन करायची. माझा नंबर तिच्याकडे होता, पण फोन तात्यांना करायची. "तात्या, निघालो." तात्या वर ऑपरेटरना हात करायचे. मग अंथुर्ण्याच्या बचत गटातल्या बायका यायला लागल्या, त्यांच्यामागं सुना, सुनांमागं पोरं. आणि मी म्हटलं होतं तसं, बायकांच्या मागं घरं आली. रविवारी नवरे आले. मला खिडकीवरची पाटी बदलावी लागली. बाकीचे खेळ वेळेवरच ठेवले, त्यात मी हटले नाही आणि हटणारही नाही. पण मंगळवारपुढं लिहिलं: टेम्पो आल्यावर. लिहिताना माझा हात जड झाला होता, हे तात्यांनी चारचौघांत सांगितलं.

खुर्च्या भरत होत्या. पण तात्या जागेबद्दल चकार शब्द काढत नव्हते. मी विचारलं की म्हणायचे, "जत्रा येऊ दे." शब्द दिलेला माणूस तो मागं घेत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले होते. मला झोप लागत नव्हती. माणसं जमवून मी फक्त शेवट गोड केला आणि जागा गेलीच, असं होणार की काय, हेच डोक्यात घोळत होतं.

जत्रेच्या अलीकडच्या मंगळवारी व्यापारी आले. हातात पेढ्यांचा पुडा. तात्यांनी त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची मागवली. आत खेळ चालू होता, हसण्याचे लोट बाहेर येत होते. मी खिडकीतून बघत होते, कान त्यांच्याकडे. दोघंही पावसापाण्याचं, ऊस कुठला लावलाय, असलं बोलत होते. मुद्द्याला कुणी हात घालत नव्हतं.

मध्यंतर झालं. दार उघडलं आणि बायकांचा लोंढा बाहेर आला. त्यात निळ्या साडीतली एक बाई व्यापाऱ्यांसमोर येऊन उभी राहिली.

"आवं! तुमी हितं?"

व्यापारी गडबडीनं उठले. मला तेव्हा कळलं, ही त्यांची बायको. गेले कितीतरी मंगळवार बचत गटाबरोबर येत होती. जागा कोणती बघितली आहे हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, आणि ती मंगळवारी कुठं जाते हे त्यांनी विचारलं नव्हतं.

"कामानं आलोय," ते म्हणाले.

"पेढं कसलं?"

त्यांनी पुडा पाठीमागं धरला. बायका थांबल्या. मुकादमीणही थांबली. तात्या खुर्चीचे हात धरून उठले आणि म्हणाले, "पाव्हण्यांना मीच बोलावलं हुतं. जागेचा शब्द दिला हुता मी त्यांना. त्यो आज हात जोडून मागं घेतोय. माझं चुकलं, पाव्हणं. जागा मोकळी हाय आसं वाटलं हुतं मला. मोकळी न्हाय."

आणि खरंच त्यांनी हात जोडले. मी तात्यांना कुणापुढं असे हात जोडताना कधी बघितलं नव्हतं. व्यापारी माणूस मोठ्या मनाचा निघाला. त्यांनी तात्यांचे हात धरून खाली केले, बायकोकडे बघितलं आणि पेढ्यांचा पुडा तिच्या हातात दिला. "वाटा आता," एवढंच म्हणाले.

मी खिडकीची फळी लावून घेतली आणि आत बसून मनसोक्त रडले. इतके महिने छातीवर बसलेलं सगळं एकदम वाहून गेलं. बाहेर दुसऱ्या अर्ध्याची घंटा झाली, चपलांचा आवाज आत गेला, आणि मग कुणीतरी फळी वाजवायला लागलं. मी ऐकलं नाही असं केलं. वाजवणं थांबेना.

फळी सरकवली तर निळ्या साडीतली बाई. हातावर एक पेढा, तो तिनं आधी माझ्यापुढं केला.

"ताई, सासूबाईंना आणायचंय. त्यांना जिना चढवत न्हाय, पुढची खुर्ची पायजे. फुडल्या मंगळवारचं तिकीट आत्ता देता का?"

आमच्याकडे आठवडाभर आधी तिकीट कुणी मागितलंच नव्हतं. पुढच्या मंगळवारी टॉकीज असेल का, हेच कुणाला ठाऊक नसायचं.

मी पेढा तोंडात टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि तिकीट फाडून दिलं.